रॉबर्ट स्टीफन्सन : तुटलेल्या गर्डरने शिकवलेला धडा



नगर-पुणे रस्त्यावर आपलं सुपा आलं की औद्योगिक वसाहतीतल्या मोठमोठ्या शेडी दिसू लागतात. अशा एखाद्या शेडमध्ये उभे राहून वर बघा. मध्ये एकही खांब नाही, तरी एवढं छप्पर पेललं कोणी? एका बाजूच्या खांबांपासून दुसऱ्या बाजूच्या खांबांपर्यंत टाकलेल्या पोलादी तुळयांनी. यांनाच आपण गर्डर म्हणतो. पुलाखालून जाताना वर दिसतात तेही गर्डरच.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत हेच काम लाकडी तुळई करत असे. पण लाकूड जेवढं लांब, तेवढीच तुळई लांब. म्हणून खोलीची रुंदीही बेताचीच. लोखंडाने ही अडचण दूर केली. मात्र लोखंडावर कितपत भरवसा ठेवायचा, हे माणसाला सहज कळलं नाही. त्यासाठी माणसांचे जीव गेले. ही गोष्ट ज्यांच्या आयुष्यात घडली ते अभियंता म्हणजे रॉबर्ट स्टीफन्सन.

रॉबर्टचा जन्म १६ ऑक्टोबर १८०३ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराजवळ झाला. वडील जॉर्ज कोळशाच्या खाणीवर यंत्रं चालवायचे. त्यांना स्वतःला तरुण होईपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. रॉबर्ट लहान असतानाच आई गेली. आपल्यावर आली ती वेळ मुलावर येऊ नये म्हणून जॉर्जनी त्याला न्यूकॅसलच्या शाळेत घातलं. पोरगा शाळेतून शिकून यायचा आणि संध्याकाळी बापलेक मिळून तोच अभ्यास करायचे. पुढे हे दोघे रेल्वेच्या इतिहासात अमर झाले. १८२९ मध्ये स्पर्धा जिंकणारं त्यांचं ‘रॉकेट’ इंजिन तुम्ही पुस्तकात पाहिलं असेल.

रेल्वे वाढली तशी पुलांची गरज वाढली. आता पुढचं समजण्यासाठी एक छोटा प्रयोग करा. एक जाडसर खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या रेघा मारा. दोन्ही टोकं दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये बोटाने दाबा. वरच्या कडेला रेघा जवळ येतील, खालच्या कडेला लांब जातील. म्हणजे तुळईवर वजन आलं की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधल्या भागावर हा दाब-ताण कमी असतो. म्हणूनच गर्डर इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा करतात : वर-खाली रुंद पट्टी, मध्ये पातळ पत्रा.

त्या काळी पुलांसाठी बिडाचं लोखंड सर्रास वापरत. बीड दाब छान सोसतं, पण ताण सोसत नाही. घरातला बिडाचा तवा फरशीवर पडला तर तडकतो की नाही? पहार मात्र वाकेल, पण सहसा तुटणार नाही.

चेस्टर गावाजवळ डी नदीवर स्टीफन्सन यांनी बिडाच्या लांब गर्डरांचा पूल बांधला होता. प्रत्येक गाळा सुमारे ९८ फुटांचा. गर्डरांना घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा आधारही दिला होता. २४ मे १८४७ रोजी, निखाऱ्यांनी लाकडी फळ्या पेटू नयेत म्हणून पुलावर खडी पसरण्यात आली. काळजी आगीची घेतली, पण त्यामुळे पुलावरचं वजन वाढलं. त्याच संध्याकाळी गाडी जाताना गर्डर तुटला. इंजिन कसंबसं पार झालं, डबे नदीत कोसळले. पाच माणसं दगावली.

चौकशीत स्टीफन्सन यांनी डबा रुळावरून घसरून गर्डरवर आदळला असं सांगितलं. पण गर्डरच कमजोर होता, असा ठपका आलाच. एवढ्या मोठ्या माणसालाही आपली चूक पटकन स्वीकारणं जड गेलं. सरकारने रेल्वेच्या पुलांतील लोखंडाबद्दल आयोग नेमला.

त्याच काळात वेल्समध्ये मेनाई सामुद्रधुनीवर त्यांचा ब्रिटानिया पूल होत होता. खालून उंच शिडांची जहाजं जायची, म्हणून कमानी चालणार नव्हत्या. स्टीफन्सन यांनी घडीव लोखंडाची प्रचंड पोकळ पेटी करायची ठरवली आणि गाडी त्या पेटीतूनच जायची! विल्यम फेअरबेर्न आणि ईटन हॉजकिन्सन यांच्या मदतीने गोल, लंबगोल, चौकोनी नळ्या मोडेपर्यंत वजन लादून पाहिल्या. चौकोनी पेटी सरस ठरली. मुख्य गाळा होता ४६० फुटांचा.

या पेट्या पाण्यावरून तरंगत आणून जलदाबाच्या यंत्रांनी वर उचलल्या. स्टीफन्सन यांचा हुकूम होता : पेटी थोडी वर गेली की लगेच खाली भराव द्या, यंत्रावर विसंबू नका. ऑगस्ट १८४९ मध्ये यंत्र खरोखरच फुटलं. पेटी जेमतेम काही इंच खाली आली आणि भरावावर टेकली. भराव नसता तर पेटी गेलीच असती. मार्च १८५० मध्ये पूल सुरू झाला आणि १९७० मध्ये आगीत निकामी होईपर्यंत तब्बल १२० वर्षं त्यातून गाड्या धावल्या.

आपला त्यांच्याशी काय संबंध, असं वाटतंय ना? मुंबई-ठाणे मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी धावली, ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. स्टीफन्सन तिचे सल्लागार अभियंता होते. बोरघाटातला अवघड मार्ग आखणारे जेम्स बर्कली हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. १२ ऑक्टोबर १८५९ रोजी स्टीफन्सन यांचं निधन झालं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांना दफन केलं आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या याच वसाहतीत वेल्डर, फिटर, अभियंता होतील. एक जोड कच्चा राहिला तर वर काही दिसत नाही, पण खाली माणसं उभी असतात. चूक मान्य करायला वेळ लागला तरी चालेल. तिच्यातून शिकायला मात्र उशीर करू नका. आणि पुढची चूक होणारच आहे असं धरून आधीच खाली भराव द्यायला विसरू नका.

विचार करा :
१. गर्डरचा खालचा भाग बिडाचा का नसावा?
२. खडी पसरण्यामागचा हेतू चांगला होता. मग चुकलं काय?
३. तुमच्या घरातल्या आणि गावातल्या तुळया, गर्डर शोधा व त्यांची चित्रं काढा.