ॲटलींची वॉशिंग्टन-वारी

हिंदुस्थानला स्वातंत्र्य देणारे विधेयक ब्रिटिश पार्लमेंटात मांडणारे पंतप्रधान, एवढीच क्लेमंट ॲटली यांची ओळख आपल्याकडे राहिली आहे. १९५० च्या डिसेंबरात त्यांनी जे केले ते मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

१८८३ साली सुखवस्तू वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपल्यावर वकिली सोडून ते पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तीत राहावयास गेले आणि तेथेच समाजवादी बनले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या आघाडीवर ते लढले. मेसोपोटेमियात जखमी झाले. युद्ध म्हणजे काय, हे त्यांना नकाशावरून शिकावे लागले नव्हते. मितभाषी, अनाकर्षक असा हा गृहस्थ १९४५ मध्ये चर्चिलना पराभूत करून पंतप्रधान झाला तेव्हा तिजोरी रिकामी होती. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. १९४९ मध्ये पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० वर आली. त्यामागोमाग आपल्या रुपयाचेही अवमूल्यन झाले. ऋणकोने सावकाराला युद्धापासून परावृत्त कसे करावे, हा ॲटलींपुढचा प्रश्न होता.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. ब्रिटनने अमेरिकेच्या बाजूने सैन्य धाडले. अमेरिकी फौजा उत्तरेकडे सरकल्या तर चीन युद्धात उतरेल, असा इशारा भारताचे पेकिंगमधील राजदूत सरदार पणिक्कर यांच्यामार्फत ऑक्टोबरातच मिळाला होता. वॉशिंग्टनने तो मनावर घेतला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस चिनी सैन्याने जबर तडाखा दिला आणि ३० नोव्हेंबरला अणुबाँबचा वापरही विचाराधीन असल्याचे अध्यक्ष ट्रुमन पत्रकारांपुढे बोलून गेले. लंडनमध्ये खळबळ उडाली. मजूर पक्षाच्या सुमारे शंभर सभासदांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. ॲटलींनी त्याच दिवशी वॉशिंग्टनला जाण्याचे ठरविले.

ही भीती पोकळ नव्हती. परस्परांच्या संमतीवाचून हे अस्त्र वापरायचे नाही, असा १९४३ चा करार १९४८ मध्ये ब्रिटनने सोडून दिला होता; त्याच वर्षी अमेरिकी बाँबफेकी विमाने इंग्लंडच्या पूर्व भागातील तळांवर आली. म्हणजे निर्णय वॉशिंग्टनचा आणि प्रत्याघात लंडनवर! रशियाने १९४९ मध्ये अणुचाचणी केल्यानंतर तर या हिशेबात काही गूढ उरले नव्हते.

४ ते ८ डिसेंबर बोलणी झाली. ॲटलींनी जाहीर कानउघाडणी केली नाही. चीनमध्ये गुंतून पडल्यास युरोप उघडा पडेल, हा अमेरिकेला पटण्याजोगा मुद्दा त्यांनी पुढे केला. पेकिंगशी वाटाघाटी कराव्यात, ही सूचना मात्र फेटाळली गेली. बाँबबाबत ब्रिटनशी विचारविनिमय करण्याचे तोंडी वचन ट्रुमननी खाजगीत दिले; परंतु त्यांच्या सल्लागारांनी ते कागदावर येऊ दिले नाही. संयुक्त पत्रकात उरली ती बाँब वापरण्याची वेळ न येवो ही आशा आणि पंतप्रधानांना माहिती देत राहण्याची इच्छा. सल्ला घेणे आणि माहिती देणे यांतील अंतर कोणत्याही कचेरीतील कारकुनाला ठाऊक असते. तरीही युद्ध चीनपर्यंत नेऊ नये असे मानणाऱ्या वॉशिंग्टनमधील मंडळींना या भेटीने बळ दिले, हे नाकारता येत नाही.

याची किंमत घरी मोजावी लागली. विश्वासू दोस्त म्हणून पत राखण्यासाठी जानेवारी १९५१ मध्ये शस्त्रसज्जतेचा तीन वर्षांचा खर्च ३६० कोटी पौंडांवरून ४७० कोटींवर नेण्यात आला. फेब्रुवारीत चीनला आक्रमक ठरविणाऱ्या ठरावावर भारताने विरोधी मत दिले. ब्रिटनने, काही दुरुस्त्या पदरात पाडून घेऊन, अनुकूल. एप्रिलच्या अर्थसंकल्पात मोफत आरोग्यसेवेतील चष्मे आणि कवळ्या यांवर शुल्क बसले. त्यातून पहिल्या वर्षी मिळणार होते अवघे १ कोटी ३० लाख पौंड. एवढ्यासाठी आरोग्यसेवेचे जनक बेव्हन आणि त्यांच्यासह हॅरल्ड विल्सन मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

ऑक्टोबर १९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा अधिक मते मिळाली, जागा मात्र कमी. सत्तेवर आलेल्या चर्चिलनी काही आठवड्यांतच शस्त्रसज्जतेचा तो कार्यक्रम लांबणीवर टाकला. एवढा पैसा ठरल्या मुदतीत खर्च करण्याइतकी यंत्रे आणि कच्चा माल ब्रिटनपाशी नव्हताच.