एक शस्त्रक्रिया, तीन क्रमांक

अमेरिकेत शस्त्रक्रियेचे बिल विमा कंपनीकडे पाठवताना तिचा पाच आकडी सांकेतांक नोंदवावा लागतो. या यादीतील ५८२४०, ५१५९७ आणि ४५१२६ हे क्रमांक वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले आहेत. तिन्हींच्या मुळाशी मात्र एकच शस्त्रक्रिया आहे, आणि ती रूढ केली डॉ. अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी.

त्यांचा जन्म १९०१ मध्ये टेक्सासमधील एल पासोचा. शिकागो विद्यापीठात असताना, १९३७ मध्ये, त्यांनी कर्करोगग्रस्त स्वादुपिंडाचा शीर्षभाग लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागासह काढला. इतर शल्यविशारद जेथे पोट उघडून पुन्हा शिवून टाकत, तेथे ब्रुन्श्विग यांचे काम सुरू होई. १९४७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात आले आणि स्त्रियांच्या कर्करोगाचा विभाग त्यांच्याकडे आला.

गर्भाशयमुखाचा कर्करोग किरणोपचारानंतर उलटला आणि मूत्राशय, गुदाशयात शिरला, की त्या काळी उपाय खुंटत. उरत त्या वेदना, रक्तस्राव आणि दुर्गंधी. ब्रुन्श्विग यांनी गर्भाशय, योनी, मूत्राशय आणि गुदाशय एकाच वेळी काढण्याचे ठरवले. मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडून ते आतडे पोटावर उघडले जाई; मल आणि मूत्र एकाच छिद्रातून बाहेर पडे. १९४८ मध्ये त्यांनी 'कॅन्सर' या नियतकालिकात २२ रुग्णांचा अहवाल दिला. त्यांपैकी पाच जण शस्त्रक्रियेपायी दगावले होते. हा आकडा त्यांनी झाकला नाही. एवढी किंमत देऊन मिळणारे आयुष्य कसले, हा टीकाकारांचा प्रश्नही गैरवाजवी नव्हता. मूळ हेतू यातना कमी करण्याचा होता. पुढे काही रुग्ण वर्षानुवर्षे जगले, तेव्हा विरोधाची धार बोथट झाली. १९५० मध्ये यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्यातून मूत्राला स्वतंत्र वाट करून दिली आणि रुग्णांचे जगणे बरेच सुसह्य झाले.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची सांकेतांकांची पहिली यादी १९६६ मध्ये निघाली. ब्रुन्श्विग १९६९ मध्ये निवर्तले. पाच आकडी क्रमांक आले ते त्यानंतरच्या वर्षी.

आज क्रमांक ठरतो तो कोणते अवयव काढले यावरून नव्हे, तर गाठ मुळात कोठे उपजली यावरून. स्त्रीच्या प्रजनन अवयवांत उपजली असेल तर ५८२४०. मूत्राशय, मूत्रमार्ग किंवा पुरःस्थ ग्रंथीत असेल तर ५१५९७. मोठ्या आतड्यात वा गुदाशयात असेल तर ४५१२६. गर्भाशयमुखाची गाठ गुदाशयापर्यंत पोहोचली तरी क्रमांक पहिलाच राहतो. मूत्राशय आणि गुदाशय काढल्याचे वेगळे क्रमांक लावून रक्कम फुगवता येत नाही, कारण हे सारे एकाच क्रमांकात धरलेले असते. म्हणून सांकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्याला शस्त्रक्रियेच्या टिपणाबरोबर विकृतिशास्त्राचा अहवालही वाचावा लागतो.