मास्टर विठ्ठल

तलवारबहाद्दर नटांचे वेड आमच्या आदिलाबादेतही आहे; पण पडद्यावरील अशा वीरांच्या पहिल्या पिढीत एक मराठी नट अग्रभागी होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

मास्टर विठ्ठल कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटात त्यांनी चक्क नर्तकी रंगविली. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीत तलवार गाजवून ते हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स म्हणविले गेले. नर्तनाने पाय लयीत बसले होते; त्यांची ऐट त्या लयीची होती, नुसत्या जोराची नव्हे, असे मला गाणे शिकवताना वाटते.

'आलम आरा'साठी त्यांनी शारदा सोडली. करारभंगाचा खटला झाला. बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू लढवून जिंकली. पण १९३१ च्या या पहिल्या बोलपटाच्या नायकाची हिंदुस्थानी वाणीच कच्ची! भूमिका बरीचशी अबोल ठेवावी लागली.

नायकपण ओसरले, तरी विठ्ठल घरी बसले नाहीत. मराठी बोलपटांत मिळेल ते काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. 'आलम आरा'ची प्रत आज उरलेली नाही.

आवाज फुटला म्हणून गाणे सोडू पाहणाऱ्या पोरांना मी त्यांची ही हकीगत सांगतो, आणि तोवर तबल्यावर बसवतो.