साखवाळचे धर्मानंद कोसंबी: पालीसाठी घर सोडलेला गोंयकार

गोव्यातल्या साखवाळात १८७६ साली धर्मानंद कोसंबींचा जन्म झाला. शाळा जेमतेम झाली. घरच्या नारळाच्या बागा सांभाळताना ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचं चरित्र वाचनात आलं, आणि मग त्यांना दुसरं काही सुचेना. १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ते निघाले. या ज्ञानाची किंमत त्या दोघींनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

पुण्यात आणि काशीत ते संस्कृत शिकले. काशीत अन्नछत्रात जेवून दिवस काढले. पण बुद्ध मुळातून वाचायचा तर पाली हवी. म्हणून १९०२ मध्ये ते सिलोनला गेले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे शिकले. पुढे ब्रह्मदेशात भिक्षूंबरोबर राहून ध्यान केलं. सारस्वत ब्राह्मणाच्या घरातला हा माणूस सिंहली आणि ब्रह्मी लिपीतले ग्रंथ वाचू लागला.

नंतर कलकत्त्यात पाली शिकवायची नोकरी मिळाली. पण बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून लिहिण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा कोसंबींनी कलकत्ता सोडलं. त्यांच्यामुळेच ‘भगवान बुद्ध’सारखा ग्रंथ मराठीत आला.

उतारवयात ते पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माकडे वळले. बुद्धाच्या शिकवणीची मुळं त्यांना तिथं दिसली. शरीर थकल्यावर त्यांनी जैनांच्या सल्लेखनेप्रमाणे अन्न सोडलं. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला ते गेले. परका विचार नुसता वाचायचा नसतो, त्याप्रमाणे जगायचंही असतं, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.