आज रात्री मुले काय जेवणार?

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटले की डोळ्यांसमोर येते ती भरघोस पांढरी दाढी, जाडीभरडी खादी आणि अनवाणी पाय. शाळेच्या भिंतीवरची ही तसबीर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिली आहे. त्यांच्या जयंतीला भाषणे होतात, त्यांत शिक्षणप्रसार, समता, स्वावलंबन हे शब्द हमखास येतात. मला मात्र या माणसाच्या चरित्रात सर्वांत जवळचा वाटतो तो एक अगदी घरगुती प्रश्न. वसतिगृहातली मुले आज रात्री काय जेवणार?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घराणे ऐतवडे बुद्रुकच्या जैन पाटलांचे. कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून ते शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर त्यांनी अंघोळ करायला नकार दिला. त्यापायी वसतिगृह सोडावे लागले. मॅट्रिकचा टप्पाही पुढे कधी गाठला नाही. पोटासाठी ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले. या फिरतीचा एक फायदा असा झाला, की सातारा-सांगलीकडची खेडी त्यांना आतून कळली. नांगर घेणाऱ्याच्या दारात खेळणारे पोर शाळेत का जात नाही, हे त्यांनी उंबऱ्यावर बसून पाहिले.

कारण साधे होते. शाळा तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावाला. तिथे एक वेळ फीची सवलत मिळेलही, पण राहायचे कुठे आणि खायचे काय? गरिबाच्या मुलाचे शिक्षण पुस्तकावाचून अडण्याआधी भाकरीवाचून अडत होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. सुरुवातीचा भर वसतिगृहावर होता तो यामुळेच. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीत. १९२७ मध्ये महात्मा गांधी येऊन गेले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

मोठी माणसे पाहून गेली, कौतुकही झाले. पण कौतुकाने पातेले भरत नाही. भाऊराव देणग्या आणि धान्य मागत गावोगाव हिंडत. मागे घरी लक्ष्मीबाई. माहेरी सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली ही बाई नाना जातींच्या पोरांची आई झाली. धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना जाई. शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या पोटासाठी गेले. आपल्याकडे बाईच्या गळ्यातला तो दोरा म्हणजे काय, हे कुणी सांगायला नको. १९३० साली त्या गेल्या. आज त्यांना रयत माउली म्हणतात, ते योग्यच आहे. तरी मला वाटते, चरित्रकारांनी त्यांना आणखी काही पाने द्यायला हवी होती.

सोने एकदाच मोडता येते. जमीन दर हंगामाला पिकते. भाऊरावांनी मुलांच्या हाती कुदळ दिली, तिच्यामागे शिक्षणशास्त्रातला एखादा सिद्धान्त असेलही, पण आधी होती ती ही रोकडी गरज. वसतिगृहात नोकरचाकर नव्हते. पाणी भरायचे, दळायचे, भाकरी थापायच्या, आणि शेतात व भाजीच्या वाफ्यांत राबायचे ते मुलांनीच. पाटलाच्या पोराने शेण उचलायचे आणि महाराच्या पोराने पीठ मळायचे. सगळ्यांच्या घामातून आलेल्या भाजीला कुणाचा विटाळ होणार? सहभोजनाच्या व्याख्यानांनी झाले नसते ते वांग्या-मेथीच्या वाफ्याने झाले असावे, असे माझे मत आहे.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. शिक्षण मोफत, राहणे तिथेच आणि खर्चाची भरपाई मुलांच्या श्रमातून. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना महाविद्यालयापर्यंत पोचली. बी.ए.चा विद्यार्थी सकाळी बांधावर आणि दुपारी वर्गात, हे दृश्य तेव्हाच्या पांढरपेशा समाजाला पचायला जडच गेले असणार.

आता थोडे दुसऱ्या बाजूचे. या सगळ्या कष्टांचे गोडवे गाताना आपण सोयीने विसरतो, की ती वाढत्या वयाची मुले होती. दिवसभर राबून रात्री अभ्यास करणे सोपे नसते. शिवाय शेतीने कोठार कधी पूर्ण भरलेही नाही. देणग्या, वर्गण्या, सरकारी अनुदान यांच्यामागची धावाधाव भाऊरावांना शेवटपर्यंत चुकली नाही. शाळेच्या शेतातून सगळ्या शाळेचे पोट भरेल, अशी आशा बाळगणाऱ्याने हा हिशेब आधी पाहावा.

हे आज आठवायचे कारण, शाळांतून परसबागा फुलवण्याचे वारे पुन्हा वाहते आहे. १९९५ मध्ये देशभर मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली आणि २०१९ मध्ये केंद्राने शाळांतील पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसलेल्या शहरी शाळांनी गच्चीवर, कुंड्यांत, डब्यांत भाजी लावावी, असेही त्यात सुचवले आहे. पालक, मेथी, शेवगा मुलांनी लावावा आणि तो त्यांच्याच खिचडीत पडावा, ही कल्पना चांगली आहे. मी अशी बाग पाहिली की एकच चौकशी करतो. भाजी ताटात पडते, की पाहुणे येण्याच्या दिवशी फक्त फोटोत? साताऱ्याच्या वसतिगृहात हा प्रश्न उद्भवलाच नसता. तिथे वाफा सुकला तर रात्री कोरडी भाकरी.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेच्या शाळा आणि वसतिगृहे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली होती. लक्ष्मीबाईंनी पाहिले होते ते साताऱ्यातले वसतिगृह आणि तिथली रोजची चूल.