टाटा सुमोतला 'सुमो' म्हणजे नेमकं कोण?

सुमो म्हणजे सुमंत मुळगावकर. जन्म १९०६ चा, मुंबईतला. लंडनला इंजिनिअरिंग शिकले, सिमेंट उद्योगात काम केलं आणि १९४९ मध्ये टेल्कोत आले.

जमशेदपूरनंतर टेल्कोने सह्याद्रीच्या घाटमाथ्यापलीकडे, पिंपरी-चिंचवडच्या माळावर १९६६ मध्ये काम सुरू केलं. मुळगावकरांनी गाड्यांची घाई केली नाही. आधी मशिन आणि डाय बनवणं, पोरांना ट्रेनिंग देणं सुरू झालं. माळावर झाडं लावली, तळं केलं. इथून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते थेट १९७७ मध्ये!

१९८९ मध्ये ते गेले, सुमो आली १९९४ मध्ये. आज गाड्यांचे कारखाने चाकणपर्यंत पोचलेत. जमीन आणि सवलती कुठलंही राज्य देतं. कसबी हात मात्र घडवावे लागतात, आणि त्याला वर्षं जातात.