सृष्टिकर्त्याकडे पुरावा मागणारा : टॉमस हक्स्ले

वाचकहो, उत्क्रांतिवाद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डार्विन उभा राहतो. पण डार्विन हा आजारी प्रकृतीचा, सभासंमेलनांपासून दूर राहणारा मनुष्य होता. १८५९ साली जीवजातींच्या उत्पत्तीवरील त्याचा ग्रंथ निघाला आणि धर्मपीठे खवळली. तेव्हा भर सभेत उभे राहून त्यांना तोंड देण्याचे काम केले ते टॉमस हेन्री हक्स्ले याने. या माणसाची ओळख तुम्ही करून घेतली पाहिजे. का, ते पुढे दिसेलच.

हक्स्लेचा जन्म ४ मे १८२५ रोजी लंडनजवळच्या ईलिंग गावी झाला. बाप शाळामास्तर, पण मुलाच्या वाट्याला शाळा आली ती अवघी दोन वर्षे! बाकीचे सारे तो आपले आपणच शिकला, जर्मन भाषासुद्धा. पोरवयात लंडनच्या गरीब वस्तीत एका डॉक्टरच्या हाताखाली राहिला. औषधाच्या आधी भाकरीची गरज असलेली माणसे त्याने तिथे पाहिली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून वैद्यक शिकला आणि आरमाराच्या ‘रॅटलस्नेक’ जहाजावर दुय्यम डॉक्टर म्हणून १८४६ ते १८५० ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने हिंडला. या प्रवासात समुद्री जीवांचा त्याने जो अभ्यास केला, त्यावरून १८५१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले.

आता ३० जून १८६० चा दिवस. ऑक्सफर्डला विज्ञानपरिषद भरली होती. बिशप विल्बरफोर्स डार्विनवर तुटून पडला. देवाने प्रत्येक जीवजात वेगळी घडविली आणि माणूस तर खासच घडविला, हा चर्चचा पक्ष. (ब्रह्मदेवाच्या मुखातून कोण निघाला आणि पायातून कोण, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले, त्यांना असल्या कथेची किंमत कोणाला मोजावी लागते हे सांगायला नको.) बिशपने हक्स्लेला त्याच्या आजोबा-आजींपैकी वानर कोण, असे खोचकपणे विचारले म्हणतात. वानर पूर्वज असल्याची मला लाज नाही, पण बुद्धी आणि अधिकार असून सत्य झाकण्यासाठी त्यांचा वापर करणाऱ्या माणसाशी नाते असल्याची लाज वाटेल, अशा आशयाचे उत्तर हक्स्लेने दिले. त्या सभेचा शब्दशः वृत्तांत कोणी लिहून ठेवलेला नाही. हे वर्णन पुष्कळसे मागाहूनच्या आठवणींवर उभे आहे. पुरावा मागणाऱ्याच्या चरित्रात तेवढे सांगितलेच पाहिजे.

खरी कसोटी पुढेच होती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा थोरला मुलगा नोएल तांबड्या तापाने गेला. चार वर्षांचाही झाला नव्हता. दफनाच्या वेळी धर्मगुरूने बायबल वाचले. मेलेले पुन्हा उठणार नसतील तर खावे, प्यावे, मजा करावी, असा त्यातील भाव. पोराच्या खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या बापाला ते झोंबले. परलोक मानत नाही म्हणून मी दुःखात पशू व्हावे की काय? चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशक मित्राने सांत्वनाचे पत्र धाडले. हक्स्लेने नम्रपणे कळविले की, एखादी गोष्ट मनाला बरी वाटते म्हणून मी ती खरी मानणार नाही. वाचकहो, बिशपला सभेत उत्तर देणे सोपे. हे उत्तर द्यायला छाती लागते.

१८६२ साली त्याने लंडनच्या कामगारांपुढे डार्विनच्या सिद्धांतावर सहा व्याख्याने दिली. त्यातही लपवाछपवी नाही. सिद्धांतात जिथे पुरावा अपुरा वाटला, तिथे त्याने तो अपुरा असल्याचे कामगारांना उघड सांगितले. कोणता पुरोहित आपल्या पोथीतले भगदाड असे दाखवील? माणसाच्या मेंदूत एक छोटा उंचवटा आहे, तो वानरात नाही, असे शरीरशास्त्रज्ञ ओवेन सांगत होता. वानरातही तो असल्याचे हक्स्लेने दाखविले, आणि १८६३ च्या आपल्या ग्रंथात वानर व माणूस यांची हाडे आणि मेंदू ताडून पाहिले. १८६९ साली स्वतःसाठी त्याने अज्ञेयवादी हा नवा शब्द घडविला.

त्याचा दोषही सांगतो. १८६५ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लिहितानाच त्याने काळ्या लोकांना बुद्धीने उणे ठरविले. त्याला पुराव्याचा आधार नव्हता. स्वतःचाच नियम तो इथे विसरला.

१८ मे १८९३ रोजी तो पुन्हा ऑक्सफर्डच्या व्यासपीठावर उभा राहिला. वय ६८, प्रकृती ढासळलेली. विषय उत्क्रांती आणि नीती. बलवान टिकतो हा निसर्गाचा नियम, म्हणून दुबळ्याला चिरडणे योग्य, असे म्हणणारे पंडित तोवर निपजले होते. हक्स्लेने त्यांना साफ नाकारले. निसर्गाच्या त्या झुंजीची नक्कल करण्यात नव्हे, तिच्याविरुद्ध उभे राहण्यात समाजाची नैतिक प्रगती आहे, असे त्याने मांडले. आणि याच भाषणात तो तथागतांपाशी आला! ऱ्हिस डेव्हिड्स प्रभृतींचे ग्रंथ त्याने वाचले होते. सृष्टिकर्ता ईश्वर नको, अमर आत्मा नको, यज्ञ-प्रार्थना नको, माणसाने आपल्याच प्रयत्नावर उभे राहावे, असे सांगणारा धर्म जगात पसरू शकला, हे त्याने ऑक्सफर्डच्या विद्वानांसमोर मांडले. मात्र धम्म म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे, असाच त्याचा समज राहिला. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचणाऱ्याला तो पटणार नाही. पण तो ग्रंथ निघाला १९५७ साली.

२९ जून १८९५ रोजी ईस्टबोर्न येथे हक्स्ले वारला. नोएल गेला तेव्हा लंडनच्या ईस्ट फिंचली दफनभूमीत कुटुंबासाठी जागा घेतली होती. तिथेच त्यालाही पुरले.